सहाव्या माणसाची जागा

साल एकोणीसशे सत्तावन्न. त्या साली वैशाखात, कळंब गावात, दिवसाढवळ्या आणि चार माणसांच्या देखत मला करवतीनं मधोमध कापलं. माझ्यावर कोण बसलं याची मी कधी चौकशी केली नव्हती, एवढाच माझा गुन्हा.

मित्रांनो, मी एक जुना सागवानी बाक आहे. तुमच्या शाळेच्या मागच्या वऱ्हांड्यात, मोडक्या फळ्याशेजारी मी उभा असतो. तुम्ही माझ्यावर दप्तरं फेकता, चिंचा ठेचता, कंपासच्या टोकानं नावं कोरता. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माझ्या पोटावर आडव्या ठोकलेल्या दोन लोखंडी पट्ट्या तुम्ही पाहिल्या असतील. परवा तुमचे गुरुजी एका सुताराला म्हणाले, "या गंजक्या पट्ट्या काढ, भेग भरून टाक आणि वरून रंग मार. बाक नव्यासारखा दिसला पाहिजे." म्हणून मला आज बोलावं लागत आहे.

मी जन्मलो तो जोडमोह्याकडच्या जंगलातल्या एका सागाच्या पोटी. माझी फळी एका लाकडाची, सलग. फकिरा सुतारानं मला घडवलं. फकिरा बारीक चणीचा, तिरकस बोलणारा माणूस होता. पुस्तकांचे दुकानदार बाबाराव यांनी त्याला सांगितलं होतं, "फकिरा, पाच माणसं आरामात बसली पाहिजेत. अन् सहावा आला तर सरकून त्यालेही जागा झाली पाहिजे."

फकिरा म्हणाला, "बाबारावजी, बाकडं पाह्यजे का बैलबंडी पाह्यजे, ते एकदा नक्की सांगा."

पण त्यानं मला घडवलं मात्र तसंच. रंधा मारून मारून मला गुळगुळीत केलं आणि जवसाचं तेल पाजलं. मग मोटार स्टँडवरून चिंतामणीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बाबारावांच्या पुस्तकांच्या दुकानापुढच्या ओट्यावर मला मांडलं.

गावात पुस्तकांचं दुकान ते एकच. दुकान म्हणजे एक लांब खोली. दोन्ही भिंतींना छतापर्यंत फळ्या. अंकलिप्या, पाट्या, पेन्सिली, शाळेची पुस्तकं, पंचांगं, पोथ्या आणि मागच्या फळीवर कादंबऱ्या. ज्येष्ठात शाळा उघडायच्या वेळी माझ्यावर मुलांची झुंबड उडे. नवी पुस्तकं तिथंच उघडायची, नाक खुपसून वास घ्यायचा आणि तिथंच बसून त्यांना जुन्या वर्तमानपत्रांची कव्हरं घालायची. कणकेची खळ माझ्या अंगाला लागे आणि मुंग्या येत. माघात चिंतामणीच्या यात्रेला खेड्यांतून आलेली माणसं पोथी विकत घेत आणि ती नीट बांधून होईपर्यंत माझ्यावर पाय मोकळे करून बसत.

पण माझी खरी वेळ संध्याकाळची. यवतमाळहून येणारी मोटार वर्तमानपत्राचा गठ्ठा टाकून जाई. बाबाराव चष्मा पुसत, पहिलं पान उघडत आणि मोठ्यानं वाचू लागत. ज्यांना वाचता येत नव्हतं ते ऐकायला येत, आणि ज्यांना येत होतं तेही ऐकायलाच येत. त्यांच्या पत्नी मथुराबाई आतल्या दाराशी बसून सुपारी कातरता कातरता सगळं ऐकत. राजस्व म्हणजे काय, संसद म्हणजे काय, हे मी त्या ओट्यावर शिकलो.

मित्रांनो, याच ओट्यावरची दुसरी रीत मी सांगितली नाही, तर माझी गोष्ट अर्धीच राहील. नाल्यापलीकडच्या वस्तीतली माणसं पुस्तक घ्यायला येत तेव्हा ओट्याखाली, रस्त्यावर उभी राहत. बाबाराव पुस्तक त्यांच्या हातात देत नसत. ते माझ्या उजव्या टोकावर ठेवत आणि मागे सरत. मग ती माणसं पैसे माझ्यावर ठेवत आणि पुस्तक उचलत. बाबाराव पैशांवर पाण्याचे दोन थेंब शिंपडत आणि मग पेटीत टाकत. ते भले गृहस्थ होते. गरिबाच्या मुलाला पाटी फुकट देत. पण तीही माझ्यावरच ठेवून. माझं उजवं टोक तेवढ्यापुरतं माणसाचा हात व्हायचं.

संध्याकाळच्या वाचनालाही ती माणसं येत आणि खाली रस्त्यावर उभी राहून ऐकत. त्यात बळीराम नावाचा एक उंच तरुण होता. कापसाच्या जिनात काम करायचा. केसांवर, मिशांवर कापसाची लव चिकटलेली असे. चौथीपर्यंत शिकलेला होता. वाचन संपून सगळे उठले तरी तो उभाच असे, आणखी एखादं पान निघेल या आशेनं.

छप्पन्न सालच्या सुरुवातीच्या थंडीत बाबाराव वारले. मूलबाळ नव्हतं. महिनाभर दुकानाला कुलूप होतं आणि माझ्यावर कुत्री झोपत होती. मग एका सकाळी मथुराबाईंनी कुलूप काढलं, मला ओल्या फडक्यानं पुसलं आणि स्वतः गल्ल्यावर जाऊन बसल्या.

गाव हसलं. शेजारी बाबारावांच्या बहिणीचं, हंसाबाईंचं घर होतं. त्यांचे यजमान घनश्यामराव यांचं किराण्याचं दुकान आमच्या दुकानाला लागूनच. हंसाबाई ओट्यावर येऊन, साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "वहिनी, माह्या भावाची राख थंडी नाही झाली तं तुम्ही गल्ल्यावर! लोक पाटी घ्याले येतीन का तुमाले पाह्याले येतीन?"

"दोन्हीले आले तरी पाटी तं खपन, ताई," मथुराबाई म्हणाल्या आणि पेन्सिली मोजू लागल्या.

त्यांचा आवाज बारीक होता, पण हिशेब चोख होता. फक्त एक गोष्ट त्यांना जमली नाही. संध्याकाळी वर्तमानपत्र येई तेव्हा पुरुषांपुढे मोठ्यानं वाचायला त्यांचा घसा उघडेना. वाचन बंद पडलं. माणसं येत, पत्र विकत घेत आणि घरी जात. मी रिकामा राहू लागलो. रिकामा बाक फार लवकर म्हातारा होतो, मित्रांनो.

त्याच वर्षी दसऱ्याला वस्तीतली माणसं नागपूरला गेली. काही मोटारीनं, काही आगगाडीनं, पुष्कळशी पायी. परत आली ती पांढऱ्या कपड्यांत, आणि बौद्ध होऊन. गावात कुजबूज सुरू झाली. घनश्यामराव किराण्याच्या दारात उभे राहून म्हणत, "कपडे पांढरे केले, आता काय काय मागतीन कोणास ठाऊक."

त्यांनी काही मागितलं नाही. दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी बळीराम आला. त्याला एक अंकलिपी हवी होती. मथुराबाईंनी ती काढली आणि सवयीनं माझ्या उजव्या टोकावर ठेवून मागे सरल्या.

बळीराम ओट्यावर चढला. त्यानं अंकलिपी उचलली नाही. तो तिच्याशेजारी, माझ्यावर बसला.

"बाई, हातात द्या," तो म्हणाला.

आवाज चढलेला नव्हता. पाहुणा पाणी मागतो तसा होता. समोरच्या पानठेल्यावरची माणसं वळून पाहू लागली. मथुराबाईंनी पदर सारखा केला. मग पुढे आल्या, अंकलिपी उचलली आणि त्याच्या हातात दिली. पैसे त्यानं त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते तसेच, पाणी न शिंपडता, पेटीत टाकले.

"आजचा पेपर कोणी वाचला का?" बळीरामनं विचारलं.

"कोण वाचीन? ते गेले तेव्हापासून बंद हाये."

"मी वाचू?"

त्यानं वाचलं. जिनाच्या घरघरीत बोलायची सवय असलेला तो आवाज, पार स्टँडपर्यंत पोचला. पहिल्या दिवशी माझ्यावर तो एकटाच होता. लोक रस्त्यावर उभे राहून ऐकत होते. जी माणसं आजवर वर बसत होती, ती आता खाली उभी होती. आठवड्याच्या बाजारी धावजी आला. तो जवळच्या तांड्यावरचा बंजारा शेतकरी. बोलका आणि कुणालाच न भिणारा. त्यानं खाली उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि सरळ येऊन बळीरामच्या शेजारी बसला.

"धावजी, काय करून राह्यला?" घनश्यामराव दारातून ओरडले.

"बसून राह्यलो. पाय दुखून राह्यले. तुमी उभे काहून? तुमचे दुखत नाही का?"

तांड्यावर आईला याडी म्हणतात. धावजी मथुराबाईंना याडी म्हणे. "याडी," तो म्हणाला, "पोराले आवाज चांगला हाये. बंद नको होऊ देऊ." हळूहळू वस्तीतली आणखी दोघं-तिघं येऊन बसू लागली. मथुराबाई पूर्वीसारख्या आतल्या दाराशी नाही, तर गल्ल्यावर बसून ऐकत आणि मधूनच विचारत, "थांब बळीराम, ते परत वाच." त्या हिवाळ्यात मी सुखी होतो.

पण गावाला ते सहन झालं नाही. एका सकाळी माझ्यावर शेण थापलेलं होतं. मथुराबाईंनी ते खरवडलं आणि मला राखेनं घासून काढलं. दुसऱ्या सकाळी परत तेच. तिसऱ्या वेळी त्यांनी शेण टोपलीत भरलं आणि भर रस्त्यातून म्हणाल्या, "माह्यं अंगण सारवाचं होतं. रोज आणत जा." शेण बंद झालं. मग गिऱ्हाईक बंद झालं. देवळात जाणाऱ्या बायका आमच्या ओट्याच्या बाजूनं जाईनात, रस्ता ओलांडून पलीकडून जात. शाळेच्या समितीतल्या एकानं निरोप धाडला, की यंदाची पुस्तकं मुलांनी कुठून घ्यावी याचा विचार करावा लागेल.

मग वैशाखाच्या सुरुवातीला हंसाबाई आल्या. बरोबर घनश्यामराव. दोघं ओट्यावर उभेच राहिले. माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं, जसा मी काही रोगानं मेलेला बैल आहे.

"वहिनी, सरळ बोलतो," हंसाबाई म्हणाल्या. "ही जागा माह्या बापाची. भाऊ होता तवर मी शब्द काढला नाही. पण माह्या बापाच्या ओट्यावर कोणीही येऊन बसन, हे मले खपणार नाही. हे बाकडं हलवा. नाहीतं माह्या हिश्श्याची अर्धी जागा मले मोकळी करून द्या."

घनश्यामरावांचे तेलाचे डबे आणि ढेपेची पोती उन्हात पडलेली असत. त्यांना ती अर्धी जागा किती दिवसांपासून हवी होती ते मला ठाऊक होतं. मी त्यांच्या बोलण्यापासून दोन हातांवर तर होतो.

मथुराबाई म्हणाल्या, "अर्ध्या जागेत दुकान कसं होईन, ताई? पुस्तकं कुठं ठेवू? मी खाऊ काय?"

"मंग बाकडं हलवा."

"ते त्याइनं हौसेनं करून घेतलं."

घनश्यामराव खाकरले. "मथुराबाई, आपण काही कसाई नाही. मधला मार्ग काढू. बाकडं कापा. अर्धं वर ठेवा, आपल्या लोकाइसाठी. अर्धं खाली, रस्त्यावर, त्याइच्यासाठी. बळ्यानं खालून वाचावं, आमी वरून ऐकू. कोणाचंच काही जाणार नाही."

ज्येष्ठ तोंडावर होता. दुकानाचं वर्ष त्या एका महिन्यावर निघे. ती जागा गेली तर या बाईला जगात दुसरा आधार नव्हता. माहेरचं कोणी उरलं नव्हतं. त्या रात्री त्यांनी काय काय विचार केला, मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी फकिराला निरोप धाडला.

फकिरानं करवत आणली. घनश्यामराव आणि आणखी तिघं पाहायला उभे होते. फकिरा माझ्यापुढे उकिडवा बसला. मग म्हणाला, "बाई, म्या जन्मभर लाकूड कापलं. बाकडं कधी कापलं नाही."

"काप, फकिरा," मथुराबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुखलं का, असं तुम्ही विचाराल. लाकडाला करवतीची सवय असते. पण आधी कापतात ते काही तरी घडवण्यासाठी. त्या दिवशी मला कापलं ते कापण्यासाठी. दोन्ही तुकड्यांना मधल्या बाजूनं पाय नव्हते, तेव्हा फकिरानं पुस्तकांच्या खोक्याच्या फळ्या तोडून कसेबसे दोन-दोन पाय ठोकले. माझा एक अर्धा ओट्यावर राहिला. दुसरा खाली रस्त्यावर, उन्हात, गटाराच्या कडेला मांडला.

संध्याकाळी बळीराम आला. त्यानं वरचा तुकडा पाहिला, खालचा पाहिला. वर घनश्यामराव मांडी घालून बसले होते.

"बाई, माह्यी जागा कोन्ती?" त्यानं विचारलं.

मथुराबाई पेन्सिलींचा डबा उघडून त्या मोजू लागल्या.

"मी खाली उभा राहून ऐकत होतो ना, तवा बरा होतो," बळीराम म्हणाला. "तवा मले जागा नव्हती. पन ही तुह्यी जागा, असं बोटानं दाखवत बी नव्हतं कोणी." आणि तो वर्तमानपत्राला हात न लावता निघून गेला.

त्यानंतर वाचायचं काम घनश्यामरावांनी घेतलं. ते स्वतःशीच पुटपुटत वाचत, कठीण शब्द गाळत आणि कापसाचा भाव आला की दोनदा वाचत. आठ-पंधरा दिवसांत ऐकायला कोणी उरलं नाही. खालच्या तुकड्यावर कोणीच बसलं नाही; त्यावर घनश्यामरावांचा गडी केरसुणी वाळत घालू लागला.

मग बाजाराच्या दिवशी धावजी आला. तो दोन तुकड्यांच्या मध्ये कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"हे काय झालं? बाकड्याले जुळं झालं का?"

घनश्यामराव म्हणाले, "ये, वर बस."

"थांबा बापा. मले आधी सांगा, मी कोन्त्या अर्ध्यातला?"

"तू आमच्यातला."

"हो का? मंग त्या रोजी तुमच्या घरी मले पाणी वरून काहून ओतलं? गिलास फुटला होता का?"

पानठेल्यावरून कोणीतरी फिसकन हसलं. घनश्यामरावांचा चेहरा काळाठिक्कर पडला. धावजी ना वर बसला ना खाली. जाताना गल्ल्यापाशी थांबून तो हळूच म्हणाला, "याडी, तूनं दुकान वाचवलं. चांगलं केलं. पन आता या दुकानात येऊन बसाचं कोणी?"

पुढचं मी पाहिलं नाही. ते मला नंतर, त्यांच्या बोलण्यातून कळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मथुराबाईंनी दुकानाला कडी लावली, त्या दिवशीचं वर्तमानपत्र घेतलं आणि भर उन्हात नाला ओलांडून वस्तीत गेल्या. गावातली बाई त्या बाजूला तोवर कधी गेली नव्हती. बळीराम जिनातून जेवायला आला होता. त्यांनी पत्र त्याच्या हातात दिलं. जमिनीवर ठेवलं नाही, ओट्यावर ठेवलं नाही. हातात.

"बळीरामभाऊ, वाचाले या."

तो म्हणाला, "पेपर घेतो. पन कापलेल्यावर मी बसणार नाही. आधी बाकडं जोडा."

"जोडलं तर माह्यं अर्धं दुकान जाते."

"मंग जोडा असं मी कसं म्हणू, बाई? पोट तुमचं हाये. पन बसणार नाही."

त्यांनी त्याच्याकडे पाणी मागितलं. ते पिऊन त्या परत आल्या, आणि घरी न जाता सरळ फकिराच्या दारात गेल्या.

मित्रांनो, कापायला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट जोडायला लागतो. फकिरानं खोक्याचे पाय उपटले, दोन्ही तुकडे एकमेकांशी भिडवले. करवतीनं माझा थोडा भुसा खाल्ला होता, त्यामुळे कडा पूर्वीसारख्या जुळेनात. लोहाराकडून दोन पट्ट्या आणल्या आणि पोटावर आडव्या ठोकल्या. फकिरा घाम पुसत म्हणाला, "भेग राहीन, बाई. सरस भरू का वरून? दिसणार नाही."

"दिसू दे," मथुराबाई म्हणाल्या.

हंसाबाई हातोड्याचा आवाज ऐकून धावत आल्या. "वहिनी, हे जोडून राह्यल्या?"

"हो."

"मंग भिंत घालतो. उद्याच. मागाहून रडत येऊ नका."

"घाला, ताई. तुमच्या बापाची जागा हाये. बाकडं माह्या नवऱ्याचं हाये."

त्यांनी भिंत घातली. ज्येष्ठाच्या तोंडावर, विटामातीची, त्या लांब खोलीच्या बरोबर मधोमध. मी एकसंध झालो आणि दुकान दोन झालं. मथुराबाईंनी तिकडच्या भिंतीवरची पुस्तकं उतरवून दुसऱ्या अर्ध्यात रचली. जमिनीपासून छतापर्यंत पुस्तकं झाली. त्यांना स्वतःला आत आडवं होऊन शिरावं लागे. पलीकडे तेलाचे डबे खणखणत आले. शाळेची पुस्तकं त्या वर्षी यवतमाळहून आली आणि समितीनं ती शाळेतच विकली. गावातल्या एकाही मुलाच्या पुस्तकाची खळ त्या ज्येष्ठात माझ्या अंगाला लागली नाही.

वस्तीतली मुलं आली. तांड्यावरून धावजी पोरांची अख्खी बंडी भरून घेऊन आला. त्यांनी माझ्यावर बसून कव्हरं घातली. तेवढ्यावर दुकान कसंबसं तरलं. पुष्कळ दिवस मथुराबाई एकदाच जेवत. पुढच्या साली कोणीतरी दुकानाची पाटी काढून नाल्यात फेकली. तेव्हापासून त्या रोज सकाळी दारावर खडूनं 'पुस्तकं मिळतील' असं लिहू लागल्या. पावसाळ्यात दिवसातून दोनदा लिहावं लागे.

आणि बळीराम वाचत होता. गावातला पहिला माणूस जो परत माझ्यावर बसला, तो फकिरा. एका संध्याकाळी येऊन म्हणाला, "सांधा पाह्यतो, टिकला का." वाकून पट्टी ठोकून पाहिली, आणि बसला. वर्तमानपत्र संपेपर्यंत बसला. दुसऱ्या दिवशी परत आला, "आज जरा हलल्यासारखा वाटते." सांधा काही हलला नव्हता. पुढे कित्येक वर्षं तो रोज संध्याकाळी माझा सांधा पाहायला येत होता, आणि तो मरेपर्यंत त्याच्या घरच्यांना वाटत होतं की बाईचं बाकडं फार कच्चं आहे.

बाकीचं गाव किराण्याच्या ओट्यावर बसून ऐके. तंबाखू घ्यायला आलेले तासभर तंबाखूच मळत. भिंतीपलीकडून हंसाबाईंच्या सुपानं पाखडण्याचा आवाज येई, आणि बळीरामनं वाचायला सुरुवात केली की तो थांबे. एकदा बळीराम घाईत होता, त्यानं शेवटचं पान सोडून दिलं. भिंतीआडून खणखणीत आवाज आला, "अन् कापसाचा भाव काय तुह्या बापानं वाचाचा?"

बळीराम हसला. "वाचतो, बाई," म्हणाला आणि भाव वाचला. पलीकडे सूप पुन्हा वाजू लागलं. मथुराबाईंनी तोंडाला पदर लावला. पण त्याच हंसाबाई दुसऱ्या दिवशी समोरून बळीराम आला तर पाठ फिरवून उभ्या राहिल्या. माणसाचे कान आणि पाठ इतकी वेगळी कशी असतात, ते मला लाकडाला कधी समजलं नाही.

आता त्या सगळ्यांचं काय झालं ते सांगतो.

फकिरा त्रेसष्ट साली गेला. जायच्या आदल्या संध्याकाळी तो आला होता, पण सांध्याबद्दल काही बोलला नाही. धावजीनं तांड्यावर शाळा मागून मागून अधिकाऱ्यांना हैराण केलं. शाळा आली तेव्हा पहिल्या दिवसाची पाटी-पेन्सिल त्यानं मथुराबाईंकडूनच नेली. उतारवयात त्याला ऐकू येईना, तरी बाजाराच्या दिवशी येऊन माझ्यावर बसे. घनश्यामरावांचं किराण्याचं दुकान पुढे चाललं नाही. ते यवतमाळला मुलाकडे गेले आणि तिकडेच वारले. हंसाबाई त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. भिंतीपलीकडच्या त्या अर्ध्या खोलीत तेलाच्या रिकाम्या डब्यांजवळ एकट्या राहिल्या. मथुराबाई त्यांना रोज भाकरी पाठवत. त्या ती खात आणि ताट न घासता परत पाठवत. माझ्यावर त्या शेवटपर्यंत बसल्या नाहीत. बळीरामला पुढे नागपूरला छापखान्यात काम मिळालं. जाताना तो माझ्यावर हात फिरवून गेला, आणि मग संध्याकाळी मोठ्यानं वाचायचं काम मथुराबाईंनी स्वतः घेतलं. तोवर त्यांचा घसा उघडला होता.

त्या गेल्या तेव्हा दुकान गेलं. भिंत मात्र आहे. तिच्या दोन्ही बाजूंना आता मोबाईलची दुकानं आहेत. जाण्यापूर्वी त्यांनी मला तुमच्या शाळेत पाठवलं. हीच ती शाळा, जिनं त्या ज्येष्ठात त्यांच्याकडून एकही पुस्तक घेतलं नव्हतं. त्यांनी तसा काही निरोप दिला नव्हता. हातगाडीवाल्याला एवढंच म्हणाल्या, "सांभाळून ने, मधोमध धरू नको."

मित्रांनो, मला रंग द्यायचा असेल तर द्या. पाय करकरतात, त्यांत दोन खिळे मारा; म्हातारपणी बरं वाटतं. उन्हापावसात टाकू नका. पण गुरुजींना सांगा, पट्ट्या काढू नका आणि ती भेग बुजवू नका. तिच्यावरून बोट फिरवा. मला तिथं कापलं होतं आणि एका बाईनं आपलं अर्धं दुकान देऊन तिथंच सांधून घेतलं.

आणि तुम्ही पाच जण माझ्यावर बसलेले असाल, आणि सहावा येऊन उभा राहिला, तर त्याला जागा दाखवू नका. थोडं सरका.